बेबीच्या फोटोची फाईल

भडगावचे नाना नसते, तर मी आज गिरणा नदीच्या पात्रात वाळूची घमेली उचलत असतो. नाना आमचे शाळामास्तर. दहावीनंतर त्यांनी मला घरी ठेवून घेतलं. त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातचं खाऊन मी बी.एस्सी. झालो… आमच्या घराण्यातला पहिला. मी बुद्धविहारात वाढलेला मुलगा. भूतखेत, चमत्कार आमच्याकडे कुणी मानत नाही. मीही नाही. तरी हे लिहितोय.

साल १९९९. मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये वेबसाइट बनवायचो. नाना-अक्कांची एकुलती मुलगी बेबी लहानपणीच तापाने गेली होती. तिचा एकच फोटो उरलेला, तोही वाळवीने अर्धा खाल्लेला. दिवाळीला अक्कांनी तो माझ्या हातात दिला.

"माले पोरनं तोंडच आठवस नही रे भाऊ. तुन्हा मशीनमा काही व्हई का?"

फोटो देणाऱ्या हाताच्या मनगटावर तुळशीचं गोंदण होतं आणि त्याखाली करंज्या तळताना भाजल्याचा ताजा डाग.

धुळ्याचा माझा मित्र शकील असे फोटो दुरुस्त करायचा. मी फोटो स्कॅन करून एफटीपी नावाच्या प्रोग्रामने इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चढवला. त्या प्रोग्राममध्ये डावीकडे आपल्या फाईली, उजवीकडे अमेरिकेतल्या सर्व्हरच्या; इकडून तिकडे ओढायच्या. शकीलने फोटोची फाईल धुळ्यात उतरवायची, नीट करून परत चढवायची, असं ठरलं होतं. पासवर्ड फक्त आम्हा दोघांकडे. फाईल चढली आणि इंटरनेटची आमची फोनलाईन मेली ती दिवसभर.

दुसऱ्या सकाळी लाईन आली. सर्व्हरवर तीच फाईल, पण साईज वाढलेली. उतरवून उघडली. स्क्रीनवर एकेक पट्टी खाली सरकत गेली… बेबीचा पूर्ण चेहरा! हसरा, पुढचा एक दात पडलेला.

मी लगेच शकीलला फोन लावला. "मानलं भो तुला!"

"कशाबद्दल? कालपासून लाईट नाही इकडे. मेणबत्तीवर कॉम्प्युटर चालवू का?"

"थट्टा नको रे."

"अम्मीची कसम. फाईल उतरवलीसुद्धा नाही अजून."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. वाळवीने खाल्लेल्या उजव्या बाजूला, बेबीच्या खांद्यावर एक हात होता. सुरकुतलेला. मनगटावर तुळस. खाली भाजल्याचा डाग… या दिवाळीचा. आणि फोटो तर मी शाळेत जायच्याही आधीचा!

सर्व्हरवाल्यांना विचारलं. तुमच्याच नावाने फाईल बदलली गेली, एवढंच उत्तर आलं. "हात कापून टाक, विषय संपव," शकील म्हणाला. माऊस तिथवर नेला, पण धीर झाला नाही. अजूनही याचा अर्थ मला लागलेला नाही. प्रिंट काढली आणि सोबत हे पत्र नानांना पाठवलं…

"आदरणीय नाना, सविनय जयभीम. फोटो पाठवतोय. तो मी दुरुस्त केलेला नाही, कुणी केला तेही माहीत नाही. चेहरा बेबीचाच आहे का, हे तो पाहून आठवलं तर अक्काच सांगू शकतील. उजवी बाजू मी मागे दुमडली आहे. आधी तसाच दाखवा. अक्का 'हीच माझी बेबी' म्हणाल्या, तरच घडी उघडा. तुमचा, मिलिंद."