रूपरावांची निलगिरी

रूपराव गिरडच्या रस्त्यावर मैलकुली होते. आपल्या मैलातले खड्डे बुजवायचे आणि कडेची झाडे जगवायची, हे त्यांचे काम. पुढचा मैल कैलासचा. त्याने वडाच्या फांद्या रोवल्या, तेव्हा त्याच्यावर ताण करायला रूपरावांनी निलगिरी लावली. ती भराभर आभाळाला टेकली.

"तुहे वड काऊन रांगून राह्यले रे?" ते येता-जाता डिवचायचे.

पण पुढे वाटसरू टेकू लागले ते वडाखालीच, आणि रूपरावांच्या पोटात दुखू लागले.

२००४ साली रस्ता रुंद करायचे ठरले. झाडे पाहून आखणी करणारे साहेब म्हणाले, "वड वाचवू, तिथं रस्ता दुसऱ्या बाजूला सरकवा. निलगिरी तोडली तरी चालेल."

आठ दिवस रूपरावांना अन्न गोड लागले नाही. मारुतीपुढे हात जोडले, की 'त्याच्या वडाले कीड लागो' हेच ओठांवर येई. मग स्वतःच गालात मारून घेत.

शेवटी ते कैलासकडे गेले. "वडाची एक फांदी दे मले."

"दहा घ्या ना, भाऊ. पण तुमच्या नोकरीत तिची सावली नाई पडत."

"नाई पडली तं नाई पडली! तुह्या झाडाखाली बसाले मी येत नाई."

असे म्हणून त्यांनी सगळ्यांत जाड फांदी निवडली.