मेहताबभाभीच्या पुण्याच्या खेपा

पाथर्डीच्या बाजारात बांगड्या विकणारे बरेच होते, पण आम्ही बायका थांबायचो ते मेहताबभाभीपाशीच. ती आधी आपला हात हातात घेऊन चोळत बसायची. सासर-माहेरची विचारपूस चालायची, आणि त्या बोलण्यात काच मनगटावर कधी उतरली ते कळायचंही नाही. तिचा नवरा महमूदभाई मागे बसून बांगड्यांचे जुडगे सोडून द्यायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. लेकीबाळी म्हणायच्या त्या आम्हीच.

एकाहत्तर साली भाभीच्या हातून बांगड्या फुटायला लागल्या. उजव्या अंगठ्याजवळचं मांस झडलं, दंड आपोआप फुरफुरायला लागला. कुणी नजर म्हणालं, कुणी वात म्हणालं. महमूदभाईनं दर्ग्यावरून ताईत आणला, तेलं चोळली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि बायका खडी फोडायला गेल्या. तसल्या कामावर काच कोण घालणार? भाभी म्हणायची, "बरंच झालं. गिऱ्हाईकच न्हाई, म्हंजी माझा हात कुनाला दिसत न्हाई."

शेवटी नगरच्या डॉक्टरांनी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून दोघांना समोर बसवलं.

"मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी असतात, त्या तुमच्या मरत चालल्यात," त्या म्हणाल्या. "हा आजार फार थोड्यांना होतो आणि यावर औषध नाही. एक नवीन इंजेक्शन आम्ही तपासून बघतोय. काहींना ते मिळेल, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही. तुम्हाला गुण येईलच असं मी सांगत नाही. आणि नको म्हणालात तरी तुमच्यावरचे उपचार थांबणार नाहीत."

महमूदभाई उठलाच. "पाणी टोचून घ्यायला एवढ्या लांब यायचं?"

भाभी मात्र जागची हलली नाही. "बाई, औषध खरं का खोटं ते असंच कळतं का?"

"असंच कळतं."

"मग मला धरा त्यात."

तेव्हापासून दर महिन्याला एसटीनं पुण्याची खेप सुरू झाली. दोन-चार दिवस दवाखान्यात राहायचं, सुया घ्यायच्या, रबराचा फुगा मुठीत दाबून दाखवायचा. तिथल्या व्हरांड्यात तिला देवळाली प्रवऱ्याचा सहादेव भेटला. तोही याच तपासणीत होता. उसाच्या गाड्या हाकणारा धिप्पाड गडी, पण त्याचा आजार गळ्यापासून सुरू झालेला. बोलणं जड झालं होतं, घास अडकायचा. त्याची बायको चांगुणा भाकरी दुधात कुस्करून त्याला भरवायची. त्याचं बोलणं तिला एकटीलाच समजायचं. दोन महिन्यांत ते भाभीलाही समजायला लागलं.

एकदा चांगुणाच्या हातात दोनच बांगड्या उरलेल्या पाहून भाभीनं महमूदभाईला सोबतची बांगड्यांची पिशवी उघडायला लावली. भाभीच्या बोटांत तर जोर उरला नव्हता, तेव्हा महमूदभाईच भरायला बसला. भाभी शेजारून सांगत राहिली, "आधी चोळ जरा. घाई कशाला? बोल की तिच्याशी!"

"काय बोलू?" महमूदभाई बिचारा घामाघूम झालेला.

सहादेव हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तरी तो हसतच होता.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात एका खेपेला चांगुणा एकटीच आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. भाभीनं सरकून तिला शेजारी जागा केली.

"त्येंनीच सांगितलं हुतं," चांगुणा म्हणाली. "मी गेलो तरी दवाखान्यात जाऊन सांगून ये, तपासणी मधीच सोडू नको म्हनले. आधी बाईंना सांगून आले, आता तुमाला."

भाभीला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात खांद्यापर्यंत उचललेच जाईनात. मग तिनं आपलं डोकंच चांगुणाच्या खांद्यावर टेकवलं. महमूदभाई चहा आणायच्या निमित्तानं खाली निघून गेला. भाभीचं जेवण तसंच झाकून राहिलं होतं. थोड्या वेळानं चांगुणानं ते पुढं ओढलं, भाकरी कुस्करली आणि तिला भरवायला लागली.

"कुनाला इचारलंस?" भाभी म्हणाली.

"हाताला सवय लागलीय, भाभी. दोन आठवडे झाले, हात रिकामेच हायेत."

भाभीनं सगळी भाकरी खाल्ली. भूक नव्हती तरी खाल्ली.

घरी परतताना मात्र एक गोष्ट तिला आत टोचत राहिली. ती अजून चालत होती, बोलत होती, आणि सहादेव गेला. खरं औषध आपल्याला आणि पाणी त्याला, असं तर झालं नसेल? महमूदभाईनं परोपरीनं समजावलं, पण तिच्या मनातून ते जाईना.

पुढच्या हिवाळ्यात तपासणी संपली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "औषधाचा उपयोग झाला नाही. मिळालेले आणि न मिळालेले, दोघांचं सारखंच झालं."

"मला काय हुतं?"

"मिठाचं पाणी."

"आन् सहादेवला?"

बाईंना ते चांगुणाला कळवायचंच होतं, म्हणून त्यांनी सांगितलं. "त्यांना औषध होतं."

भाभीनं मोठा श्वास सोडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना वाटलं, ती खचली. त्या पाठीवर हात ठेवायला आल्या, तशी भाभी म्हणाली, "न्हाई बाई, बरं वाटलं. त्याच्या वाट्याचं मी घेतलं नव्हतं."

नगरला उतरल्यावर पाथर्डीची गाडी लागलेली होती, पण भाभीनं राहुरीची धरायला लावली. महमूदभाईनं तिला जवळजवळ उचलूनच देवळालीत चांगुणाच्या दारात नेलं. आत सासू चुलीपाशी बसलेली, तीही बाहेर आली.

"त्यांना खरं औषध मिळालं हुतं, चांगुणा," भाभी म्हणाली. आता तिचीही जीभ जड व्हायला लागली होती, त्यामुळं तिनं ते दोनदा सांगितलं. "गुन आला न्हाई. कुनालाच आला न्हाई. पर मिळालं हुतं."

चांगुणा उंबऱ्यातच बसली. आपल्या माणसाला नुसतं पाणी टोचत होते की काय, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. सासूनं विचारलं, "काय म्हनती ती?" तेव्हा चांगुणानं ते तिला पुन्हा नीट समजावून सांगितलं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग महमूदभाईला म्हणाली, "बाबा, तिला आत घे, वारं लागंल. आज इथंच ऱ्हावा."