काकांचा ढीग

आमच्या भागात वाघाने माणूस नेला, की जिथे नेला तिथे घरचे लोक दगडांचा ढीग रचत. मग त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण त्यावर एक दगड टाकी आणि न बोलता पुढे जाई. न टाकणाऱ्याच्या मागे तो मेलेला माणूस लागतो म्हणत. माझ्या काकांचाही असा ढीग होता, मोहर्लीच्या वाटेवरच्या सागाच्या रानात. काका डाव्या पायाने लंगडत. मोहफुलं वेचायला गेले, ते परत आलेच नाहीत. काकी मात्र वर्षानुवर्षं त्या ढिगाकडे जाई, दगड टाकी आणि जरा टेकून घरच्या दोन गोष्टी सांगून येई.

पुढे त्याच रानात कोळशाची उघडी खाण काढायचं ठरलं. मी तेव्हा दुसऱ्यांदा मॅट्रिक नापास होऊन रिकामा होतो. (हा तपशील मी गाळला तरी आमच्या घरात कोणीतरी भरतंच.) मोजणी करणाऱ्या बाबूला गावातला माणूस हवा होता. तो बोट दाखवील तिथे खुंटी ठोकायची, भोवती दगड रचायचे आणि लांबून दिसावेत म्हणून वरून चुना ओतायचा, एवढंच काम. त्यात डोकं लागत नव्हतं, म्हणून मला ते उत्तम जमलं. उन्हाळाभर मी रानात ढीग उभे केले. आपण काय करून ठेवतोय हे माझ्यासारख्या इथल्याच माणसाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही.

ढीग वाढू लागले. गुडघ्याएवढा रचलेला ढीग आठवड्याने कमरेला येई. दगड टाकताना कोणी दिसत नसे. बाबू बाहेरगावचा, त्याला वाटलं मीच उत्साहाने जास्तीचं काम करतो. असा संशय माझ्यावर आयुष्यात पुन्हा कोणी घेतला नाही. गावात मात्र चूल लवकर विझू लागली. इतकी माणसं वाघाने नेली तरी कुठली? आमच्या गावचे लोक शेजारच्या गावाला दुखवट्याला भेटायला गेले, तर तिकडचेच लोक आमच्याकडे यायला निघालेले वाटेत भेटले.

मी घरोघर जाऊन सांगितलं, की हे ढीग माझे आहेत, खाणीचे आहेत. लोकांनी ऐकून घेतलं आणि दगड टाकणं सुरूच ठेवलं. एक म्हातारा मला म्हणाला, "ढीग हाय ना? मंग मानूसबी असन. आज नाई तं उद्या."

त्यानंतर एका संध्याकाळी मी माझ्याच हाताने रचलेल्या एका ढिगापाशी आलो आणि मुकाट्याने दगड उचलून टाकला. थोडं पुढे गेल्यावर आपण काय केलं ते ध्यानात आलं. हसू यायला हवं होतं. पण मागे तो दगड अजून घरंगळतच होता, आणि रानात दुसरा आवाज नव्हता.

पावसाळ्याने चुना धुऊन नेला. खुंट्या वाळवीने खाल्ल्या. फाल्गुनात झाडं तोडायला मजूर आले, आणि आता वरची माती आणि दगड सगळं हटवणार हे कळल्यावर काकी माझ्याकडे आली.

"त्यायले त्या खड्ड्यात सोडून मी कशी राहू?" एवढंच ती म्हणाली.

गोंडांच्या भुमकाने, म्हणजे पुजाऱ्याने, मार्ग सांगितला. ढिगाचे दगड टोपल्यांत भरून नाल्यापलीकडे न्यायचे आणि तिथे नवा ढीग रचायचा. वाटेत कोणी मागे वळून पाहायचं नाही. यायचं असलं तर मेलेले मागून येतात. खाणीच्या साहेबाने एका सकाळपुरतं काम थांबवलं.

पण काकांचा ढीग कोणता? झाडं आडवी झालेली, खुणेचं मोहाचं झाडही गेलेलं. उघड्या माळावर सगळे ढीग सारख्याच उंचीचे, नुसते उभे. काकीने माझ्याकडे पाहिलं. "तूच रचले ना? मंग सांग, तुये कोनते?"

ज्याने मांडले त्यालाच ओळखू येईनात. काकी एकेका ढिगावर हात ठेवत फिरली. शेवटी एकापाशी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. "हाच," ती म्हणाली.

दगड उचलले गेले. तळचे माझ्या टोपलीत आले. त्यातल्या एकाच्या खाचेत पांढरा चुना होता, आणि खाली जमिनीत कुजलेल्या खुंटीचं भोक. ढीग माझा होता. त्यात काका नव्हते. कोणीच नव्हतं.

आम्ही निघालो. पुढे भुमक, मागे काकी, मग शेजारचे दोघे, आणि सर्वांत हलकी टोपली घेऊन शेवटी मी. ठरवलं, नाला यायच्या आत सांगायचं. अजून परत फिरता येईल, खरा ढीग शोधता येईल. मी तोंड उघडलं, आणि मागे सागाच्या वाळल्या पानांवर पाऊल पडलं.

मी थांबलो. ते थांबलं. मी चाललो, तेही चाललं. माणसाएवढं वजन होतं.

काकीने मान न वळवता विचारलं, "पोरा, मांगं कोनी येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं," मी म्हणालो. ते खरं होतं.

काकीने लगेच चाल मंदावली. "जरा हळू चाला," ती पुढच्याला म्हणाली, "त्यायचा पाय दुखते."

सगळे हळू चालू लागले. नाल्यापर्यंत काकी मागच्याला घरच्या गोष्टी सांगत होती, कोणाचं लग्न झालं, कोणती गाय व्याली. तिचा आवाज इतका मोकळा मी नंतर कधी ऐकला नाही. मी टोपली घट्ट धरून तिच्या पाठीकडे पाहत राहिलो. मागची पावलं मात्र कुठेही लंगडत नव्हती.