प्लगचं नाक

स्पार्क प्लगच्या टोकावर एक तार वाकून आलेली असते. मेकॅनिक लोक तिला काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्या घरात तिचं नाव नाक. हे नाक आणि त्याच्या खालचा बारका खांब यांच्यामधल्या फटीत ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीवर माझ्या वडिलांची, आबांची, जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालायची. प्लग काढून आधी रंग बघायचा. चहासारखा असला तर इंजिन सुखात, काळा असला तर ऑइल जास्त, पांढरा पडला तर आतली उष्णता हाताबाहेर गेली. हे सगळं आबांनी मला जळगावात, मेहरूणच्या घराच्या अंगणात शिकवलं. धाकट्या भावालाही बोलवायचे, पण त्याला हात काळे करायचे नसत.

आणि स्कूटर कोणाला मिळाली? त्याला. माझं लग्न ठरलं, धुळ्याला जायचं होतं, तेव्हा मी गाडी मागितली. आबा हसले. जावयाने मागितली असती तर कर्ज काढून नवी दिली असती; पोरीने जुनी मागितली म्हणून हसले, आणि चावी भावाच्या हातात ठेवली.

तेव्हापासून स्कूटर त्याची आणि प्लग माझे. गाडी रुसली की फोन. मी धुळ्यात देवपूरला पिठाची गिरणी चालवते. दळण अर्धवट ठेवून त्याला पाना कुठे लावायचा ते सांगायचं. माहेरी गेले की पाहुणचार राहिला बाजूला, आधी अंगणात बसून प्लग घासायचा.

अशाच एका फेरीत मी नाक कापलं. कानशीने घासून ती तार निम्म्यावर आणली, म्हणजे खालचा खांब अर्धा उघडा पडतो आणि ठिणगी झाकली जात नाही. फट करवतीच्या पात्याच्या जाडीची ठेवली. यात फार मोठी जादू नाही, पण म्हातारं इंजिन पहिल्या किकला उठलं आणि उभं असताना खोकायचं थांबलं. मला इतका आनंद झाला की तशाच काळ्या हातांनी मी आबांसाठी चहा टाकला.

जुन्या गाड्यांची हौस असलेली काही मंडळी रविवारी मेहरूण तलावावर जमतात. त्या रविवारी मी भावाच्या मागे बसून गेले. गाडी एवढी गोड कशी चालते, असं कोणीतरी विचारलं. भावाने प्लग काढला आणि रुमालात धरून सगळ्यांना दाखवला. "नाक कापायचं. आपलं डोकं आहे," तो म्हणाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्याकडे बघून पुढे म्हणाला, "अक्काला यातलं काही कळत नाही, ती आपली हवा खायला आलीय." सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता ठरवलं की आता याचं नाक कापायचं, तेही प्लगनेच.

संधी त्याने स्वतःच हातात आणून दिली. ही मंडळी जळगावहून धुळ्याला स्कूटरवर येणार होती. भावाला सगळ्यांच्या पुढे राहायचं होतं आणि प्लग वाटेत काळा पडायला नको होता. म्हणून मी त्याला गरम प्लग बसवून दिला. या प्लगचं आतलं पांढरं चिनी मातीचं नळकांडं लांब असतं, ते तापलेलं राहतं आणि काजळी जाळून टाकतं. गावात तो झकास चालतो. हायवेवर मूठ पूर्ण पिळून धरली तर मात्र पिस्टन वितळवतो.

"गावात उडव, पण हायवेवर हळू चालव. मध्ये थांबून रंग बघ," मी सांगितलं.

"आता तू मला शिकवणार?" तो म्हणाला.

दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पिस्टनला भोक पडलं की ही गाडी मलूल होऊन जागेवर थांबते, माणसाच्या जिवाला काही होत नाही, एवढं मी आधीच बघून ठेवलं होतं.

फोन पारोळ्याच्या अलीकडून आला. एरवी जळगावी तोऱ्यात बोलणारा भाऊ थेट गावच्या बोलीवर उतरला होता. "अक्का, गाडी बंद पडनी. बठ्ठा मनाकडे देखी ऱ्हायनात."

"सगळे बघतायत ना, मग स्पीकरवर टाक," मी म्हटलं.

त्याने आढेवेढे घेतले, पण टाकला. मग मी सगळ्यांसमक्ष त्याला प्लग काढायला लावला, रंग विचारला. पांढरा. पांढरा म्हणजे काय, ते विचारलं. त्याला येईना. मागून कोणीतरी हसलं. नाक कोणी कापलं होतं आणि कसं, हे मी त्या मंडळींना सावकाश समजावून सांगितलं. इतकं गोड मी आयुष्यात कोणाशी बोलले नसेन.

"भंगारात दे ही," असं म्हणून त्याने चावी रस्त्याकडेच्या टपरीवाल्याकडे टाकली आणि तो बसने घरी गेला. मी टेम्पो केला आणि स्कूटर धुळ्याला आणली. पिस्टन नवा घातला, प्लग थंड जातीचा निवडला आणि त्याची तार पुन्हा कानशीखाली घेतली.

गाडी अंगणात सुरू करून ऐकत होते, तेव्हा आबांचा फोन आला. "गाडी नीट व्हयनी व्हई ते त्याले दी टाक," ते म्हणाले. "पोऱ्या शे तो. त्यानी हौस शे."

भावाचा कधी आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी आबांचा आला. शिकवलं मला आणि दिलं त्याला, आणि आजही तेच.

"गाडी भंगारात गेली, आबा," मी म्हटलं, आणि एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने मूठ पिळली.

गाडी चालू होती आणि आबा ऐकत होते. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पिलग कोनता टाका तू?"

मी सांगितलं नाही.