एकदा ‘नाही’ म्हणून दाखवा

“आधी मला एकदा ‘नाही’ म्हणून दाखवा.”

भाजलेल्या पेशंटच्या नातेवाइकांशेजारी बाकावर बसून आमच्या मॅडम पहिलं वाक्य हे बोलायच्या. समोरचा बावचळायचा. डॉक्टरला नाही म्हणायची सवय असते कुणाला, तुम्हीच सांगा. पण तो तोंडाने नाही म्हणेपर्यंत मॅडम संशोधनाचा विषय काढायच्या नाहीत.

मॅडम पक्क्या सर्जन. कित्येक वर्षं ऑपरेशनं केल्यावर, भाजलेली जखम आतून भरते कशी ते शिकायला पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलातल्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. मी तिथली टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये पेशंटच्या कातडीचा नखाएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, हे आमचं काम. मी वैतागायचे. “मॅडम, तुम्हीच लोकांना नाही म्हणायला शिकवलंत तर तुकडे मिळायचे कसे?”

“हो म्हणणारे मिळतील हो.”

कुठले मिळतायत! मिळाले तरी पेशी मरायच्या. मॅडमचं प्रशिक्षण संपत आलं, हातात काही नाही, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, रोज दारात उभे.

मग आपटा गावचा एक जण आला, गॅसच्या भडक्यात भाजलेला. त्याची बायको ओशाळून हसली. “मना नाय जमत तसा बोलाया.” मॅडमनी ‘नाही’ म्हणवून घेतलंच. मग म्हणाल्या, “यानं तुमचा माणूस बरा होणार नाही. पुढच्यांना उपयोग होईल कदाचित. आणि तुकडा कधीही परत मागा.” तिनं सही केली.

त्या पेशी मात्र वाढल्या. मॅडम सूक्ष्मदर्शकापासून उठेनात. “यावर होतंय बघा माझं काम,” म्हणाल्या. आणि एका सकाळी पेशंट वारला.

त्याच दुपारी त्याची बायको आमच्या दारात उभी. त्याला खाली गाडीत ठेवलेलं. “त्याची कातडी हाय ना तुमच्याजवल? द्या. आमी त्याला अख्खा नेऊ.”

सर मॅडमना बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, “एक बशी ठेव मागे. तिला काय कळणार? सगळी मेहनत पाण्यात जाईल तुझी.” खरं सांगते, मला त्या बाईचा रागच आला होता.

मॅडमनी एकेक बशी काढून स्वतः पेशी मारायचं औषध घातलं. जिवंत पेशी बाहेर द्यायच्या नाहीत असा नियम. शेवटच्या बशीशी हात थांबला. मग तिच्यातही घातलं.

त्या पेशींची डबी हातात घेऊन त्या बाईनं विचारलं, “जित्ती व्हती?”

सर घाईनं पुढे झाले. पण मॅडम बोलून गेल्या होत्या. “हो. आत्तापर्यंत.”

आता ही आकांत करणार, असं मला वाटलं. तिनं मॅडमचं मनगट धरलं. “मंग चला खाली.” मॅडम अंगातल्या पांढऱ्या कोटासकट गेल्या आणि गाडीत बसल्या.

अपुऱ्या कामाचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. महिन्याभरात त्या आपल्या गावी परतल्या, ऑपरेशनं करायला. त्या दुपारी मात्र सर सारखे विचारत होते, मॅडम गेल्या कुठे.

मी रिकाम्या बशा धूत म्हटलं, “पेशंटबरोबर.”