वरमाईचं रुखवत

वरमाई व्हायला मिळावं म्हणून मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते असं म्हटलं तर लोक हसतील, पण ते खरं आहे. त्या दिवशी आपण नुसतं बसायचं. दुसऱ्यांनी आपल्या पुढेपुढे करायचं, आपण थोडं नाक मुरडायचं आणि मग मोठ्या मनानं "छान झालं हो सगळं" म्हणायचं. माझ्या मुलानं केंब्रिजला त्याच्याच लॅबमधली डच मुलगी पसंत केली, तेव्हा मी मुलगी कशी आहे एवढंच पाहिलं. मुलगी चांगली होती. मला सरळ नावानं हाक मारायची, पण तेही मी गिळलं.

मग वन्संचा फोन आला. माझ्या या थोरल्या नणंदबाई लंडनच्या दुसऱ्या टोकाला, हाउन्सलोला राहतात आणि कुठे काय कमी पडतंय हे त्यांना तिथूनसुद्धा दिसतं.

"अगं, मुलीला आई नाही ना? मग रुखवत कोण मांडणार? का तो आयटम कॅन्सल?"

रुखवत म्हणजे मुलीच्या माहेरचं टेबल. माहेरच्यांनी आपल्या हातानं केलेले पदार्थ लग्नात मांडायचे, आईनं मुलीला काय शिकवलं ते चारचौघांनी बघायचं आणि मुलाकडच्या बायकांनी त्यावर बोलायचं. माझ्या रुखवतातल्या करंज्यांवर याच वन्सं जे बोलल्या होत्या, ते माझी आई शेवटपर्यंत विसरली नाही.

मुलीची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. वडील एकटेच येणार होते. एजवेअरच्या हॉलमध्ये आमची एवढी माणसं, आणि तिचं टेबल रिकामं. सगळ्या बायका "बिचारी" म्हणणार. मला त्या "बिचारी"चाच राग आला. मी ठरवलं, रुखवत मीच करायचं, कोणाला न सांगता. वरमाईनं मुलीकडचं रुखवत केल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही, पण आपण बोललो नाही तर कोणाला कळणार?

चकल्या मांडल्या असत्या तर चोरी लगेच पकडली गेली असती. म्हणून डच पदार्थच हवा होता. तिची आई नव्या वर्षाला घरी स्ट्रूपवाफल करायची, हे मुलगा मागे एकदा बोलला होता. मी दुकानातले खाल्ले होते. दोन पातळ, जाळीदार वॉफल आणि मध्ये घट्ट पाक. गरम चहाच्या कपावर झाकणासारखा ठेवायचा, वाफेनं पाक मऊ झाला की खायचा. मला वाटलं, गुळपोळीच की. गुळपोळीला मी कोणाच्या बापाला हार जाणार नाही.

साचा मागवला. मैदा, लोणी, अंडं, यीस्ट, दालचिनी घालून पीठ भिजवलं. पाकासाठी त्यांची ती काळसर काकवी मिळेना, म्हणून इंडियन दुकानातला गूळ आणला आणि सवयीनं वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघत बसले. गोळी झाली, ताटलीवर टण्‌ वाजली, तेव्हा कुठे मला समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि त्याच्या दाताची कॅप निघाली. इथे डेंटिस्टची अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तो लग्नापर्यंत डाव्या बाजूनंच जेवला.

पाक मग मी सुधारला. गोळी होऊ द्यायची नाही, आधीच उतरवायचा, त्यात लोणी घालायचं. ते जमलं. जमेना ते पुढचं. वॉफल साच्यातून निघाला की गरम असतानाच सुरीनं मधून चिरून त्याचे दोन पापुद्रे करायचे, पाक लावायचा आणि लगेच मिटायचं. माझे पापुद्रे चिरून व्हायचे, पण सुरी ठेवून पाकाचा चमचा घेईपर्यंत ते कडक व्हायचे आणि मिटताना मोडायचे. हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं मोजताना माझा हात कधी चुकला नाही, पण इथे ओट्यावर नुसता चुरा.

एका शनिवारी मुलगी ब्लाउजच्या मापाला आली आणि न विचारता स्वयंपाकघरात शिरली. तिनं चुरा पाहिला, साचा पाहिला. "हे कोणासाठी?"

मी रुखवताचं सगळं समजावलं. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती म्हणाली, "म्हणजे लोकांना सांगायचं, हे माझ्या आईकडून आलं?"

"तसं कोणी विचारत नाही गं."

"पण तसंच वाटणार सगळ्यांना. माझी आई नाही आता. नाही म्हणजे नाही. तिच्या नावावर खोटं नको."

माप न देताच ती गेली. मी चहा टाकला होता, तो तसाच राहिला. मलाही राग आला. कोणासाठी मरमर मरत होते मी? चुरा डब्यात भरला आणि डबा कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला.

रात्री मुलाचा फोन आला. "आई, तुझी आयडिया चांगली होती, पण तू तिला विचारायला पाहिजे होतं ना.  लग्नात नुसती रजिस्ट्रारपुढे सही करू या, म्हणते. बाकी काही नको."

मला रात्रभर झोप लागली नाही. रुखवत खड्ड्यात गेलं, मुलगी जायला नको होती. सकाळी मी तिला मेसेज केला: चुकलं माझं, टेबल काढून टाकू. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. दारात ती एकटीच, पाठीवर सॅक. सॅकमधून तिनं लांब दांड्यांचा जड लोखंडी साचा काढला. आईचा होता. आई गेल्यापासून हिच्या पलंगाखाली पडून होता.

"तुझे का मोडतात माहितेय?" ती म्हणाली. "हे एकटीनं करायचं कामच नाही. एकीनं चिरायचं, दुसरीनं पाक लावायचा."

पीठ भिजवलं, ते फुगलं. साचा गॅसवर तापला. मी आपली सुरी घेऊन साच्यापाशी उभी राहिले. घर माझं, ओटा माझा, वयानं मोठी मी. तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि मला खांद्याला धरून डावीकडे सरकवलं, पाकाच्या पातेल्यापाशी.

"इथे आई उभी राहायची," ती म्हणाली. "आता मी राहणार. तू तिथे. ती माझी जागा होती."

खरं सांगते, मला क्षणभर लागलं. तिला आई नाही, तर ती जागा आपली, असं मी मनात केव्हाच धरून चालले होते. तिला ती जागा भरायला कोणी नकोच होतं. मी मुकाट्यानं चमचा घेतला.

ती भराभर चिरायची आणि पापुद्रा माझ्यापुढे टाकायची. माझा पाक कडेपर्यंत पोचायचा नाही. पहिले दोन मोडले. तिसऱ्याला ती माझ्यावर ओरडली, डचमध्ये, आणि ओरडल्यावर एकदम थांबली.

"काय म्हणालीस?"

"लवकर, लवकर, गार होतंय." तिचा आवाज बदलला होता. "आई हेच म्हणायची मला. असंच. याच आवाजात."

सुरी तिच्या हातातच राहिली. अर्धवट चिरलेला वॉफल गार होऊन गेला. ती रडली, चांगली मोठ्यानं रडली, आणि मी पाकाचे हात तसेच धरून तिच्याजवळ उभी राहिले. मग मीच पुढचा गोळा साच्यात दाबला, कारण गॅस चालू होता आणि साचा करपायला लागला होता.

लग्नात टेबल मांडलं. एकच ताट. तिच्या वडिलांनी आल्या आल्या त्यातला एक खाल्ला आणि ते बराच वेळ खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वन्सं आल्या. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी नवरीलाच विचारलं, "हे गं कोणी केलं?"

मुलीनं घोकून ठेवलेलं मराठी वाक्य सावकाश म्हटलं. "मी केलं. मला माझ्या आईनं शिकवलं."

 वन्संनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.