बिरप्पाच्या लॉरीचा पाटा

बिरप्पाची लॉरी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली, जुनीपुराणी. भावांनी मेंढरं राखली, यानं सोलापुरात येऊन लॉरी धरली. नवी पेठेतलं कापड अक्कलकोटच्या बाजाराला न्यायचं अन् येताना शेंगांची पोती भरून आणायची, हा त्याचा धंदा. गाडीत बिघाड झाला की तो एकाच मिस्त्रीकडं जायचा, गुरुसिद्धप्पाकडं. दोघं एकाच मालकाकडं क्लीनर होते, एका ताटात जेवलेले. गुरुसिद्धप्पानं दुरुस्तीची शेड घातली तेव्हा तिचे खांब बिरप्पानं रोवले होते.

त्या उन्हाळ्यात मागच्या चाकावरचा, गाडीचा भार झेलणारा मोठा पोलादी पाटा पार बसला. आगगाडीनं मुंबईहून नवा आला. बिरप्पानं तो शेडमध्ये पोचवला आणि बसवायचं काम दोस्तावर सोपवून निर्धास्त घरी गेला.

बाजाराच्या दिवशी त्याची बायको केराबाई अक्कलकोटला बहिणीकडं निघाली. गुरुसिद्धप्पाची बायको निंगव्वाही सोबत माहेरी जायची होती, पण ऐन वेळी ती आलीच नाही. केराबाई एकटीच कापडाच्या गठ्ठ्यांवर बसली. निंगव्वा येत नाही हे सांगायला आलेल्या गुरुसिद्धप्पानंच तिला हात देऊन वर चढवलं.

वळसंगच्या पुढं ओढ्याच्या उतारावर खाडकन आवाज झाला. गाडी मागून एका अंगाला कलली, गठ्ठे घसरले आणि केराबाई त्यांच्यासकट खाली आली. उजवा हात मनगटात मोडला. बिरप्पानं तो पटक्यानं बांधला, तिला लिंबाखाली बसवलं आणि जॅक लावून गाडीखाली शिरला.

मोठा पाटा मधोमध तुटला होता. तुटल्या जागी अर्ध्या भागावर जुना गंज, उरलेला चकचकीत. वरून ग्रीस थापून चीर झाकलेली. नव्या पाट्याला गंजलेली चीर कुठली?

“काय झालं वो?” केराबाईनं विचारलं.

“काय न्हाय,” बिरप्पा म्हणाला.

बाभळीचा ओंडका तोडून त्यानं तो आसावर ठोकून बसवला, साखळीनं आवळला आणि माणसाच्या चालीनं गाडी माघारी आणली. केराबाईला हाडवैद्याकडं सोडून तो शेडवर गेला. दारात निंगव्वा होती. झालेलं ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

“तरी आमचे हे मला म्हणत हुते, बिरप्पाच्या गाडीत बसू नको. मला वाटलं, उगंच अडवत्यात.”

शेडमध्ये एका अडत्याची लॉरी उभी होती. बिरप्पानं वाकून पाहिलं. मुंबईच्या कारखान्याचा छाप असलेला त्याचा नवा पाटा तिथं बसलेला होता.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पा आला. बिरप्पाची नजर कुठं आहे ते पाहून तो थबकला.

“अडत्याला निकड हुती,” तो म्हणाला. “तुला तवर जुनाच लावला, दुसरा मागवणार हुतो. इतक्यात तुटंल असं वाटलं न्हाय.”

“मग निंगव्वाला का ठेवून घेतलंस?”

गुरुसिद्धप्पा हातातला पाना पुसत राहिला.

“पाटा नेलास ते गिळलं असतं मी. भांडलो असतो, मग हितंच जेवलो असतो. पर तुला ठावं हुतं, गुरु. ठावं असून केराबाईला हात देऊन चढवलंस.”

अडत्याच्या लॉरीतून आपला पाटा काढून घेऊन बिरप्पानं तो स्वतःच बसवला. केराबाईचा हात वाकडाच जुळला. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली. निंगव्वा भेटायला आली तर तिच्याशी बोलायची, चहा द्यायची. बिरप्पा मात्र त्या शेडकडं पुन्हा फिरकला नाही.

पुढं त्यानं होटगी रस्त्यावरचा दुसरा मिस्त्री धरला. भला माणूस होता. पण त्यानं आवळलेला प्रत्येक नट बिरप्पा गाडीखाली झोपून पुन्हा आवळून बघायचा. मिस्त्रीला राग यायचा. बिरप्पा त्याला कारण सांगत नसे.